टोफूवरची इस्त्री

टोफूतलं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरातलं, पाणी काढायला लेक बाबांची शिंपीकामातली जुनी लोखंडी इस्त्री वापरायची. टोफू फडक्यात गुंडाळायचा, वर थंड इस्त्री ठेवायची. आई अंथरुणातून विचारायची, "शिजवतेस की कपडे शिवतेस त्याला?"

आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. शेवटच्या चार महिन्यांत तिचं दूध-तूप, मांस-अंडी सगळं बंद होतं. लेक रोज सकाळी येऊन भोपळा आणि फ्लॉवर भाजायची, पालक परतायची, टोफूचे चौकोन तव्यावर लालसर करायची, आणि डबा आईच्या उशाशी ठेवून कामावर जायची. संध्याकाळी डबा घासून पालथा घातलेला असायचा. बाबा त्या जेवणाला खोडरबर म्हणायचे. त्यांच्यासाठी वेगळी आमटी असायची.

माणसं भेटायला आली की लेक एकच सांगायची, "जेवून गेली हो. माझ्या हातचं, शेवटपर्यंत." बाकी सगळं हातातून निसटलं होतं. तिच्याजवळ एवढंच उरलं होतं.

म्हणून आज बाबा म्हणाले, "तिचंच जेवण कर, मलाही चालेल," तेव्हा तिला नवल वाटलं. तिने जेवण केलं. दोघं समोरासमोर बसले. बाबांनी फ्लॉवरचा तुरा तोंडात टाकला.

"आज देठ शिजलेत. मागे एकदा कच्चे राहिले होते, माझी दाढ ठणकली दोन दिवस."

लेकीचा हात ताटातच थांबला. "तुम्ही कधी खाल्लंत?"

"चाखलं असेल."

"बाबा."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "दोन घासांपुढे जात नव्हतं गं तिला. नंतर तेही नाही. मला म्हणाली, तुम्ही संपवा. पोर दमून येते, तिला डबा रिकामा दिसू दे."

"किती दिवस?"

"दीडेक महिना."

लेकीला त्या संध्याकाळी आठवल्या. कसं झालं होतं, असं ती दारातूनच विचारायची, आणि आई उत्तर द्यायची. भोपळा आज गोड निघाला. पालक जरा करपवलास, लक्ष कुठे होतं?

"पण ती तर मला चुका काढून दाखवायची," ती म्हणाली. चुका काढतेय म्हणजे जेवतेय, असंच तिने धरलं होतं.

"मी सांगायचो तिला, कसं झालंय ते. खाता खाता. तू विचारणार हे ठाऊक होतं ना." बाबा ताटाकडे बघत होते. "डोळे मिटून ऐकायची. मी थांबलो की म्हणायची, अजून सांगा."

दीड महिना तिने ज्यांना जेवू घातलं होतं, ते समोर बसले होते. गालावर थोडं मांसही चढलं होतं त्यांच्या. तिला राग येईल असं वाटलं होतं. तो आला नाही, आणि दुसरंही काही आलं नाही.

ओट्यावर इस्त्री तशीच होती, तळाशी पाणी साचलेलं.

"आज कसं झालंय?" तिने विचारलं.

बाबांनी एक चौकोन तोंडात घेतला, सावकाश चावला. "पालक कोवळा आहे. भोपळा कडेला खरपूस. आणि हे अजूनही खोडरबरच."

लेकीने डोळे मिटले.

"अजून सांगा," ती म्हणाली.