उकळलेली बाहुली

नात चार दिवस काही खात नव्हती आणि आजीने तिला बाहुली कबूल केली होती, गोष्ट एवढीच. पण एवढ्याशा गोष्टीच माणसाचा जीव टांगून ठेवतात.

नात सहा वर्षांची. रांगत होती तेव्हा सापडेल ते बटण तोंडात घालायची, म्हणून घरात सगळे तिला बटणी म्हणत. आता ती इस्पितळात काचेच्या खोलीत होती. कडक औषधांनी अंगातली ताकद पार धुऊन नेलेली. साधी सर्दीही तिला झेपली नसती, म्हणून आत फक्त नर्स जायची, तीही तोंड झाकून. घरच्यांनी काचेबाहेर उभं राहायचं आणि फोनवर बोलायचं. त्या फोनवर बटणीने अट घातली होती, "बाहुली आली की खाईन. चार कपडे पाहिजेत. एक कोट." डॉक्टरांची अट निराळी. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत वाटीभर सूप पोटात गेलं नाही, तर नाकातून नळी.

आजीने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. माणूस दारात उभा राहिला की नजरेनेच माप घ्यायची, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक ठरल्या दिवसाआधी फिरकायला धजायचं नाही. बाहुलीसाठी तिने शुद्ध लोकरीचं फेल्ट आणलं. जाड, मऊ, विणलेलं नव्हे, दाबून केलेलं. सून, म्हणजे बटणीची आई, म्हणाली होती, "आई, शाळेच्या वस्तूंच्या दुकानात रंगीत फेल्ट मिळतं. तेही चाललं असतं."

"ते कापड नाही, कापडाचं सोंग आहे," म्हणून आजीने तिला जागच्या जागी गप्प केलं. मग तीन दिवस दार लावून शिवत बसली. सुनेला सुईत दोरासुद्धा ओवू दिला नाही.

गुरुवारी सकाळी नऊला बाहुली तयार. चार कपडे, कोटाला काज, काजातून जाणारी खरी गुंडी. आजी ऐटीत इस्पितळात गेली. नर्सने बाहुली उलटसुलट पाहिली.

"सुंदर आहे हो. पण अशी आत नाही जायची. अर्धा तास गरम पाण्यात धुवा, वाळवा आणि पिशवीत बंद करून आणा."

"अहो, नवी कोरी आहे."

"आजी, माझे हात काय जुने आहेत? तरी दर वेळी धुतेच ना."

आजी घरी आली. गरम पाणी म्हणजे किती गरम, हे विचारायला तिला कमीपणा वाटला होता. कमी पडायला नको म्हणून तिने मोठं पातेलं चढवलं, पाणी खळखळा उकळवलं, सगळं आत टाकलं आणि काठीने अर्धा तास मन लावून घुसळलं. बाहेर काढलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कोट अंगठ्यात घालण्याएवढा उरला होता. बाहुलीचं तोंड आक्रसून मुठीसारखं झालेलं, एक डोळा सुरकुतीत गेलेला, पाठीची शिवण फाटून कापूस बाहेर आलेला. तिने कोट हातांनी ताणला, मग दातांत धरून ताणला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मागच्या वेळी नळी घालताना बटणीला चौघींनी धरलं होतं. काचेतून किंकाळी ऐकू आली नव्हती. नुसतं उघडं तोंड दिसलं होतं.

सून मोठ्या धुलाईखान्यात इस्त्रीला होती. 'लोकांची मळकी कापडं धुणारी' असं तिला हिणवून आजीने सात वर्षांत तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आज वाफेतून वाट काढत गेली आणि ओली पिशवी इस्त्रीच्या टेबलावर उलटी केली.

सुनेने बाहुली उचलली. "लोकर उकळली?"

"मग काय तळायची होती?"

"आई, मी रोज हेच करते. आमच्याकडे लोकरीच्या कपड्याला गरम पाणी लागलं तर कामावरून काढतात. मला एका शब्दाने विचारायचंत."

आजी टेबलाकडे बघत म्हणाली, "विचारलं असतं तर बाहुली तुझीही झाली असती."

सुनेने इस्त्री बंद केली, मुकादमाला दोन शब्द सांगितले आणि निघून गेली. परत आली तेव्हा हातात शाळेच्या वस्तूंच्या त्या दुकानातलं फेल्ट होतं, पिवळं, लाल, पांढरं. "हे लोकरीचं नाही, गरम पाण्यात आटत नाही. बसा."

चादरी वेगळ्या करायच्या टेबलावर दोघी बसल्या. आजी कापत होती, सून जुन्या टॉवेलांच्या चिंध्या पोटात भरत होती. आजीने सवयीने कडा दुमडायला घेतल्या.

"दुमडू नका, आई. याचे दोरे सुटत नाहीत. उगाच जाड होईल, बाहीत बाहुलीचा हात जाणार नाही."

"मला शिवण शिकव आता."

"शिकवतेच आहे."

सुई आजीच्या बोटात दोनदा घुसली. आयुष्यात पहिल्यांदा तिची टीप वाकडी गेली, आणि उसवायला वेळ नव्हता. साडेतीन वाजता बाहुली धुवायच्या लहान यंत्रात गेली, साडेचारला वाळून निघाली. कपडा झाला एकच, पिवळा झगा. कोट नाहीच.

पाच वाजता नर्सने ती आत नेली. बटणीने बाहुली घेतली, झगा वर करून पाहिला, अंथरूण चाचपलं. मग फोन उचलला.

"बाकीचे?"

आजीने थाप तयार ठेवली होती. काचेपलीकडचं ते चिमूटभर तोंड बघून तिला ती मारता येईना.

"बिघडवले मी. तुझ्या आईने सांभाळून घेतलं म्हणून हा एक तरी झाला."

"कोट पण बिघडवलास?"

"तो पण."

"आधी कोट आण."

"कोट यायचा तेव्हा येईल. तू आधी चमचा घे."

घड्याळात सव्वापाच. नर्सने चमचा पुढे केला. बटणीने तोंड उघडलं, सूप आत घेतलं आणि तसंच धरून ठेवलं, गाल फुगवून, काचेतून आजीवर डोळे रोखून. सुनेने आजीचं मनगट कधी धरलं, ते दोघींनाही कळलं नाही.

गळ्याची बारीक शीर हलली. सूप खाली गेलं.

वाटी अजून भरलेलीच होती. नर्सने दुसरा चमचा भरला, आणि बटणीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"लाल उरलंय का?" आजीने सुनेला विचारलं.

"आहे पिशवीत. पण धुऊन वाळवायला वेळ कुठे आहे, आई?"

"आत कुठे द्यायचंय. कोट होताना तिला इथूनच दिसू दे." आजी काचेला टेकून खाली फरशीवर बसली, कात्री काढली. "कोट कसा कापायचा ते सांग. दुमडू नको म्हणालीस ना?"