फाटकावरचा एकच ठोका

आमच्या खोऱ्यातून वरच्या उतारांकडे जाणारी वाट एकच आहे आणि ती माझ्या जमिनीतून जाते. लाकूडतोडीच्या काळातला तो रस्ता माझ्या सासऱ्यांनी विकत घेतला, माझ्या नवऱ्याने त्यावर फाटक बसवले, आणि गेली एक्केचाळीस वर्षे हिवाळ्यात रोज सकाळी सात ते नऊ मी त्या फाटकावर उभी राहते. स्कीवाल्यांना मी कधी अडवले नाही. अट एकच घातली: फाटकातून एका वेळी एकानेच यायचे, आणि मागच्याने पुढच्यापासून दहा पावले दूर राहायचे.

वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीला बीकन बांधलेले असते. तळहाताएवढे यंत्र. चालू असले की ते अखंड ठोके पाठवीत राहते. बर्फ सुटला आणि माणूस गाडला गेला, तर सोबती आपापली यंत्रे ऐकण्यावर लावतात आणि त्या ठोक्यांच्या मागाने त्याच्यापर्यंत पोहोचतात. पंधरा मिनिटांत पोहोचले तर बहुतेक वेळा माणूस हाती लागतो. त्यानंतर बहुतेक वेळा देह. म्हणून मी माझे यंत्र ऐकण्यावर लावून फाटकाशी उभी राहते आणि ठोका ऐकल्याशिवाय कुणालाही पुढे सोडत नाही. नव्या यंत्रांना पडदे असतात, त्यांवर आकडे येतात. माझ्या जुन्या यंत्राला फक्त आवाज आहे. दोन माणसे एकदम आली तर दोन ठोके एकमेकांवर पडतात, दोन घोडे शेजारी शेजारी चालावेत तसे. सवयीच्या कानाला हे कळते. माझा कान सवयीचा आहे.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी उणे सव्वीस होते. रात्रभर पडलेला बर्फ लॉइड टिबेट्सने आपल्या नांगरगाडीने रस्त्याच्या कडेला सारला होता आणि तो गाडीतच बसून कॉफी पीत होता. फाटकावर अकराजण होते. त्यांतला कॅलगरीहून आलेला एक उंच माणूस सारखा पाय आपटत होता.

"बाई, आम्ही काय विमानात चढतोय का? एवढी तपासणी कशाला?"

"विमान पडलं तर कंपनी भरपाई देते. मी देत नाही. दहा पावलं मागे."

लॉइडने गाडीची काच खाली केली. "साहेब, गुपचूप मागे व्हा. आमच्या मालकीणबाईंनी एकदा बिशपला परत पाठवलं होतं."

"बिशपच्या यंत्रात सेल नव्हते," मी म्हटले.

सगळे हसले. कॅलगरीचा माणूसही हसला आणि मागे झाला. त्याचा ठोका मी ऐकला आणि त्याला सोडले.

सर्वांत शेवटी आमच्या घरातून माझा मुलगा हाकोन आणि सून देल्फीन आली. हाकोन चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि वीस वर्षे लोकांना डोंगरावर नेण्याचेच काम करीत होता. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. चढताना मागे घसरू नये म्हणून दोघांच्या स्कींना खालून कातडी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, थर्मासचे झाकण दोघांत एक होते आणि ते हातोहात फिरत होते. दोघे खांद्याला खांदा लावून फाटकाशी आली.

फाटकापलीकडे थांबून बूट आवळणारा कॅलगरीचा माणूस ओरडला, "हे बरंय! यांना नाहीत का दहा पावलं?"

हाकोन मागे व्हायला लागला. मी हाताने त्याला पुढे ओढले.

"चल. हा या फाटकावर वाढलाय," मी त्या माणसाला सुनावले. "तुम्ही जितकी वर्षं बर्फात काढली नसतील तितकी यानं बर्फात झोपून काढलीत."

ती दोघे एकदम माझ्यासमोरून गेली. माझ्या यंत्रात ठोका वाजला. स्वच्छ, सुटा, एकच. एकच घोडा.

"आई, आलं ना ऐकू?" हाकोनने विचारले.

"आलं. जा."

कानाने ऐकले होते, हे मला शपथेवर सांगता येईल. मी मात्र त्या कॅलगरीच्या माणसाकडे बघत होते.

पावणेबाराला वरच्या उतारावरच्या तिसऱ्या नाल्यात बर्फ सुटला. देल्फीन खाली झाडांच्या आडोशाला थांबली होती, हाकोन उतरत होता. तिने आपले यंत्र ऐकण्यावर लावले आणि नाल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. काहीही वाजले नाही. शेजारच्या धारेवरून कॅलगरीचा तो माणूस आणि त्याचे सोबती उतरून आले. लांब शोधकाठ्या जोडून त्यांनी रांग धरली आणि दर पावलाला काठी खुपसत ते वर सरकले. एक तास चाळीस मिनिटांनी एका काठीला मऊ काहीतरी लागले. तो दीड मीटर खाली होता. खणताना त्या उंच माणसाचे फावडे हाकोनच्या छातीवरच्या यंत्रावर बसले आणि यंत्राचे झाकण तुटून सेल बर्फात सांडले. त्यामुळे ते यंत्र आधीपासून बंद होते की झाकण सैल राहून मध्येच बंद पडले, हे कुणालाही सांगता येईना.

दुपारी मी परतणाऱ्यांसाठी पुन्हा फाटकावर गेले होते, तिथेच लॉइडने ही बातमी मला दिली. यंत्र वाजत नव्हते, हे त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत मला सगळे ठाऊक झाले होते. मी फाटक लावले, कुलूप घातले आणि घरात जाऊन बटाट्यांचे सूप शिजत होते त्याखालचा विस्तव कमी केला.

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते मी सांगू शकते, कारण त्यांत काहीही नव्हते. लोकांनी भांडी भरभरून अन्न आणले: कोबीचे रोल, मांसाचे सारण भरलेले पाव, चीजखाली भाजलेले बटाटे. मी प्रत्येक भांड्यावर घराचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, म्हणजे भांडी परत देताना घोटाळा होऊ नये. चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर ताठ बसले. "थोरा बाकेनचा कणा बघा," असे कुणीतरी मागे पुटपुटले, ते मला ऐकू आले. मला रडू येत नव्हते आणि येत नाही याचे वाईटही वाटत नव्हते. हातमोजे न घालता फार वेळ बाहेर राहिले की बोटे आपली वाटेनाशी होतात. पाहिले तर ती तिथेच असतात.

देल्फीन झोपत नव्हती. क्वेबेकहून ती एका हिवाळ्यापुरती आली आणि बारा वर्षे राहिली. ती बडबडी मुलगी. तिच्या बोलण्याने माझे डोके दुखते, असे मी पुष्कळांना सांगितले आहे. आता ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राही आणि एका सेलची टोपी नखाने खरवडत राही. त्या शनिवारी न्याहारीच्या वेळी हाकोनच्या यंत्रातले सेल तिनेच बदलले होते.

"आई," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही ठोका ऐकलात. म्हणजे फाटकावर यंत्र चालू होतं. मग नंतर बंद पडलं. मग झाकण मीच नीट बसवलं नाही. दुसरं काही असूच शकत नाही ना?"

मी भांडे घासत होते. "काहीतरी खा," मी म्हटले.

हे मी केले. तिने सरळ विचारले आणि मी तिला खायला सांगितले. पाचव्या दिवशी तिने पुन्हा विचारले, सातव्या दिवशी विचारले नाही. माझा कान चुकत नाही, या एका गोष्टीवर ती आपला सगळा हिशेब मांडत होती, आणि तो तिच्याच अंगावर येत होता. माझ्या एका वाक्याने तो मोडला असता. पण मग एक्केचाळीस हिवाळे ज्या फाटकाचा खोऱ्याने भरवसा धरला ते फाटक राहिले नसते. मी हे दोन्ही पाहत होते आणि मला कशाचेच ओझे वाटत नव्हते. कदाचित म्हणूनच दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी रसेल कार्डिनल आला. प्रांतातल्या हिमस्खलनांचे अहवाल तोच लिहितो; लोक ते वाचतात आणि पुढच्या वेळी तीच चूक टाळतात, निदान त्यासाठीच ते लिहिले जातात. लॉइडने त्याच्यासाठी दारापर्यंत रस्ता साफ केला होता, म्हणून तोही आत आला. दोघांनी दाराशी बूट काढले. रसेलने वही उघडली.

"मिसेस बाकेन, आज नको वाटत असेल तर मी पुढच्या आठवड्यात..."

"आलायस तर लिही."

पण आधी देल्फीनच बोलली. तिने सगळे एका दमात सांगितले, पाठ केल्यासारखे: नाला, झाडे, वेळ, खोली. मग म्हणाली, "आणि हेही घाला. सेल मी बदलले. झाकण खटकन बसलं का, ते मी पाहिलं नाही. यंत्र वाटेत बंद पडलं. माझं नाव घाला."

"नावं आम्ही घालत नाही, देल्फीन."

"मग 'बायकोनं' असं घाला. लोकांना कळू दे ना. सेल बदलल्यावर झाकण बघावं म्हणून."

रसेलने माझ्याकडे पाहिले नाही. तो भला माणूस आहे. "एक विचारावंच लागेल," तो म्हणाला. "फाटकावर हाकोनचा ठोका ऐकू आला होता?"

लॉइडने कप आपटला. "हा काय प्रश्न झाला रे? या बाईंच्या फाटकातून बंद यंत्राचा उंदीरसुद्धा गेला नाही अजून. लिही, ऐकला म्हणून. काय त्यांना छळतोस?"

"मी छळत नाहीये, लॉइड. विचारायचं असतं."

"विचारलंस ना? झालं मग."

रसेलने मान हलवली आणि पेन टेकवले. वही टेबलावर माझ्यासमोर होती. अक्षरे उलटी दिसत असली तरी मला वाचता आली. त्याने 'ऐकला' असे लिहिले. देल्फीन मान डोलावीत होती. आपल्याविरुद्धचा निकाल बरोबर उतरवून घेतला जातोय ना, हे पाहणाऱ्या माणसासारखी.

"खोड ते," मी म्हटले.

तिघांनी माझ्याकडे पाहिले.

"खोड, रसेल. आणि मी सांगते तसं लिही. माणसं दोन गेली. ठोका एक आला. तपासणारीनं दोघांना एकदम सोडलं, कारण एका परक्या माणसाला तिला आपला मुलगा दाखवायचा होता. मुलगा दहा पावलं मागे व्हायला लागला होता, त्याला तिनंच पुढे ओढलं. ऐकू आलं का, असं त्यानं विचारलं. ती 'आलं' म्हणाली. त्याचं यंत्र फाटकावर वाजतच नव्हतं. तिथं थांबवलं असतं तर कारण काहीही असतं, चालू करायचं राहिलेलं असो, झाकण असो, दोन मिनिटांत कळलं असतं."

"मालकीणबाई," लॉइड हळू आवाजात म्हणाला, "तुमची झोप झालेली नाही. उगीच..."

"लॉइड, कॉफी संपली असेल तर नांगर घेऊन जा. रस्त्याच्या वळणावर अजून बर्फ आहे."

तो उठला नाही. रसेल लिहीत होता. त्याने लिहिलेले मला वाचून दाखवले. 'तपासणीत त्रुटी राहून गेली असावी', असे त्याने शेवटी घातले होते.

"राहून गेली नाही. केली. आणि 'असावी' काढ. शेवटी हेही लिही की वर जाणाऱ्या प्रत्येक गटानं आपली तपासणी आपण करावी. बाकेनच्या फाटकावर विसंबू नये."

त्याने लिहिले. मी पूर्ण नाव घालून सही केली.

देल्फीनने विचारले, "तुम्हाला कधी कळलं?"

"लॉइडनं फाटकावर सांगितलं तेव्हाच."

"शनिवारी."

"शनिवारी."

"मी तुम्हाला विचारलं होतं. इथंच बसून विचारलं होतं."

"दोनदा."

ती उठली आणि जाकीट न घालता बाहेर गेली. दार तिने आपटले नाही, हळूच लावले. खिडकीतून ती अंगणात उभी दिसत होती, दोन्ही हात काखांत घालून, पाठमोरी. लॉइड तिचे जाकीट घेऊन जायला निघाला. मी त्याला जाऊ दिले. मला स्वतःला ते नेण्याचा अधिकार उरला आहे की नाही, हे मला ठरवता येईना, आणि असे ठरवता न येणे माझ्या आयुष्यात नवीन होते.

रसेल आणि लॉइड गेले. ती बऱ्याच वेळाने आत आली. ओठ निळसर झाले होते. ती माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

"माफी मागू नका हं आत्ता," ती म्हणाली.

"मागत नाहीये."

"मी उद्या माँट्रियलला जातेय. माझ्या आईकडे."

"रस्ता दहापर्यंत मोकळा होईल."

"परत येईन की नाही, माहीत नाही."

"बरं."

ती टेबलाकडे बघत राहिली. "झाकण मी बसवलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. "खटकन आवाज आला होता. मला आठवतंय आता. आला होता." मग तिने हात टेबलावर पसरले, त्यांवर गाल टेकला आणि थोड्याच वेळात तिचा श्वास जड झाला. नऊ रात्रींनंतर ती झोपली होती, भर दुपारी, तोंड किंचित उघडे ठेवून.

चुलीत लाकूड घालायला हवे होते, म्हणून मी हळूच उठले. चुलीचे दार उघडताना करकरते, म्हणून मी ते उघडले नाही. खोली हळूहळू गार होत गेली. माझे गुडघे दुखू लागले होते. पण खुर्ची ओढली असती तर आवाज झाला असता, म्हणून मी उभीच राहिले.