चाचणीपुरते पत्ते

आमच्या ऑफिसात स्कॅनर आला तो वरून हुकूम आला म्हणून. देणगीदारांना पुरावा हवा होता की आमचं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे, आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. स्कॅनर म्हणजे काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम. तो प्रकल्पातली एकेक फाईल तपासतो आणि पासवर्ड, फोन नंबर असलं काही कुणी उघड्यावर टाकलंय का ते सांगतो. मात्र काय शोधायचं, कुठे बघायचं नाही, कशावर बोंब मारायची, हे आधी आपणच त्याला एका फाईलीत लिहून द्यायचं. म्हणजे राखणीला कुत्रा पाळायचा आणि कुठल्या खोलीत शिरू नकोस हेही त्याला आपणच बजावायचं.

आमचं सॉफ्टवेअर होतं नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थांसाठी. कुठली बाई कुठल्या खोलीत ठेवली, तिच्या पोराची शाळा कोणती, सगळं त्यात. कुठल्याही संस्थेला फुकट वापरता यावा म्हणून कोड आम्ही इंटरनेटवर उघडा ठेवला होता. बायकांची खरी माहिती अर्थातच वेगळी, कडीकुलपात. माझी धाकटी बहीण लेकीला घेऊन अशाच एका खोलीत राहत होती. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी तोंड उघडलं नव्हतं.

आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे घाईकर म्हणत. हा माणूस जेवतसुद्धा उभ्याने. माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी फर्मावलं, "चाचणीचं फोल्डर वगळा हो. सगळेच वगळतात. तिथे सगळी खोटी माहिती. स्कॅनर उगाच ओरडत सुटेल आणि तुम्ही बसाल निस्तरत."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. चाचणीसाठी खोटी माणसं, खोटे नंबर लागतातच, आणि स्कॅनरला खऱ्याखोट्यातलं कळत नाही. पण मी मुळातच चिडकी. कुणी 'उगाच' म्हटलं की ते करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. वगळायच्या यादीत मी ते फोल्डर घातलंच नाही. वर फोन नंबर आणि पत्ते शोधायचा नियम माझ्या हाताने लिहिला आणि स्कॅनर सोडला.

तो ओरडलाच. एका फाईलीत बायकांची नावं होती: जास्वंद, शेवंती, जुई, अबोली. कुणीतरी हौसेने प्रत्येकीला फुलाचं नाव दिलं होतं. नावापुढे फोन, त्यापुढे पत्ता. मी हसत हसत खाली सरकत होते. अबोलीपुढे बेकरीमागची इमारत होती, तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडची खोली. त्या खोलीत गादी मी स्वतः वाहून नेली होती. मधला फोन नंबर धाकटीचा होता. तिला अबोली! दिवसभर जिभेला विसावा नाही त्या पोरीला!

मी घाईकरांना बोलावलं. ते वाचता वाचता पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. "नकाशा," ते म्हणाले. "चाचणीत आपल्या सॉफ्टवेअरमधला नकाशा खोटे पत्ते घेत नव्हता ना. चाचण्या लिहायचा तो मुलगा, नोकरी सोडून गेलेला. त्यानेच खऱ्या माहितीतल्या ओळी उचलल्या असणार. नावं तेवढी बदलली." मग त्यांनी फाईल निवडली, पुसली आणि हात झटकले. "मिटलं."

मी स्कॅनरला जुना इतिहासही तपासायला सांगितलं आणि पुन्हा सोडला. त्याच ओळी पुन्हा आल्या. आमच्या धंद्यात पुसलेलं पुसलं जात नाही. आदल्या प्रत्येक बदलाची प्रत जपलेली असते, आणि ज्यांनी प्रकल्प उतरवून घेतलाय त्यांच्याकडेही ती असते. फाईल हिवाळ्यापासून उघड्यावर होती, आणि आता पंखे लागले होते.

"गवगवा करू नका," घाईकर म्हणाले. "सोमवारी बैठक घेऊ. वकिलांना विचारू, मग संस्थांना कळवू."

"आणि तोवर?"

"इतके महिने झालंय का काही?"

एरवी पाणी प्यायलाही न थांबणारा माणूस, आणि इथे त्याला सोमवार चालत होता. तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं मी पाहिली आहेत. हे तर विहीर खणायची की नाही यावर बैठक घेणार होते. मी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि जिन्यातूनच धाकटीला फोन लावला.

"सामान भर," मी म्हणाले. "तुझा पत्ता बाहेर गेलाय. आमच्याकडून."

तिने एवढंच विचारलं, "त्याला कळलाय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय, ताई?"

"दार उघडं होतं एवढं कळतंय गं. कोण डोकावून गेलं ते नाही कळत."

"तिसऱ्यांदा घर सोडायचं. पोरगी आत्ता कुठे दिवा मालवून झोपायला लागलीय," ती म्हणाली. रागवली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी पोचले तेव्हा दोन पिशव्या दाराशी होत्या आणि भाची बूट घालून पलंगावर बसली होती. धाकटीने विचारलं, "एकट्या माझाच पत्ता होता?"

"नाही. या इमारतीतल्या तिघींचा आहे. बाकीच्या गावभर."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि मला न सांगताच बाहेर पडली. बाकीच्या दोघी कुठे राहतात ते तिला ठाऊक होतं; मी मागोमाग गेले. वरच्या मजल्यावरच्या बाईने दार किलकिलं करून ऐकून घेतलं आणि काही न विचारता कपाट उघडलं. पहिल्या मजल्यावरचं दार वाजवून वाजवून धाकटीची बोटं लाल झाली. दाराबाहेर बायकी चपला होत्या. जिना पुसणाऱ्या मावशी खालून वर आल्या.

"ती काल गेली गं," मावशी म्हणाल्या. "नवरा आला होता न्यायला. काय गोड बोलतो! मी म्हटलं, पत्ता कुठून मिळाला हो? तर हसला. म्हणे, शोधणाऱ्याला सगळं सापडतं."

"आणि ती?" धाकटीने विचारलं.

"ती खाली मान घालून गेली. चपलासुद्धा घातल्या नाहीत बघ. मी हाक मारली, तर वळून नाही बघितलं."

मी पोलिसांना फोन लावला. त्यांनी बाईचं नाव विचारलं. मला फाईलीतलं शेवंती तेवढं ठाऊक होतं, खरं नाव धाकटीने सांगितलं. गाडी पाठवतो म्हणाले. मला एवढी लाज वाटत होती की मावशींकडे बघवेना.

धाकटी पायरीवर बसली. "तुला कधी कळलं हे?"

"आज सकाळी."

"आणि पहिला फोन मला केलास."

"हो."

"काल कळलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तरी पहिला तुलाच केला असता," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. त्यात राग नव्हता, आभारही नव्हते. "आणि दुसरा?"

दुसरा मी केलाच नव्हता. सकाळपासून, बसमध्ये, रस्त्यात, जिना चढताना, मला एकच पत्ता दिसत होता. बाकीच्या बायकांची फुलं झाली होती.

"काढ ते नंबर," धाकटी म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. यादीत सगळ्यांत वर जास्वंद होती. धाकटीने नंबर लावला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला. पलीकडे घंटी वाजत होती.

"उचल गं बाई," धाकटी म्हणाली.

घंटी वाजत राहिली.