दोन हॉर्न आणि हिटरची ऊब

मित्रांनो, पुण्यात गाडीचा हिटर कोण लावतं, सांगा बरं. त्यामुळे मी एका जुन्या गाडीतली हिटरची कॉइल आहे असं म्हटलं, की लोक मला बिनकामाच्या पाहुण्यासारखं वागवतात. दिसायला मी वहीएवढी. अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याची जाळी. कारखान्यातून निघाले ती थेट डॅशबोर्डमागच्या अंधारात जाऊन बसले. इंजिनाचं गरम पाणी माझ्या नळ्यांतून फिरायचं, आणि कुणी बटण फिरवलंच तर माझ्यावरून जाणारी हवा ऊबदार व्हायची. एवढंच माझं काम.

गाडी कोथरूडच्या श्रीधर आणि श्यामला या नवराबायकोची. श्रीधर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. चौदा वर्षांत त्यांनी मला चार वेळा वापरलं असेल, तेही महाबळेश्वरच्या घाटात. पण डॅशबोर्डमागून ऐकू मात्र सगळं येतं. श्रीधरना सर्दीचा कायमचा त्रास. रुमालावर निलगिरीचे दोन थेंब असायचेच आणि घसा ते सारखा खाकरायचे. कुठं जायचं असलं की ते आधी खाली येऊन गाडी चालू करत आणि दोनदा हॉर्न वाजवत. तिसऱ्या मजल्यावरून श्यामलाताई म्हणत, "आले हो." मग वीस मिनिटं कुणी येत नसे. कुलूप लावायचं, पुन्हा उघडून गॅस बघायचा, पुन्हा लावायचं.

"तुझं 'आले हो' म्हणजे सरकारी आश्वासन," श्रीधर म्हणायचे.

"मग कशाला विश्वास ठेवता?" त्या म्हणायच्या आणि सीटचा पट्टा लावायच्या. भांडण नव्हतं ते, रोजचंच होतं.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या भर दुपारी बारा वाजता श्रीधरनी दोनदा हॉर्न वाजवला आणि लगेच हिटरचं बटण फिरवलं. मला वाटलं, चुकून. बाहेर बोनेटवर पापड भाजला असता. पण त्यांनी दोन्ही हात झडपेसमोर धरले. त्या हातांचा गारठा जाळीपर्यंत पोचला. असा गारठा मला घाटातही लागला नव्हता. होती नव्हती ती सगळी ऊब मी त्यांना दिली. त्यांनी एकदा घसा खाकरला. पुन्हा काही खाकरला नाही. वरून "आले हो" असं मी स्पष्ट ऐकलं होतं. श्यामलाताई खाली आल्या तेव्हा इंजिन चालू होतं, हिटर चालू होता, आणि श्रीधर गेलेले होते. लवकर येऊनही काही झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. श्यामलाताईंनी ते ऐकून घेतलं, पण त्यांना ते पटलं नाही.

त्या गाडीत नंतर कुणी बसलं नाही. शेवटी ती बिबवेवाडीच्या कोंडीराम मेस्त्रींकडे मोडीत निघाली. त्या दिवशी श्रीधर-श्यामलाताईंची मुलगी ओवी आली आणि म्हणाली, "मामा, हिटरची कॉइल तेवढी मला काढून द्या."

"काय करायचं हाय तिचं, ताई?"

"कॉम्प्युटरला लावायची आहे."

कोंडीराम मेस्त्रींनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाले.

ओवी हिंजवडीच्या एका कंपनीत सिनेमांसाठी चित्रं हलती करायचं काम करते. आईसाठी ती घरून काम करू लागली होती. पण काम चढलं की तिचा कॉम्प्युटर तापे, त्याचे पंखे ओरडू लागत आणि श्यामलाताई दचकून उठत. म्हणून ओवीने पाण्यावर थंड होणारा कॉम्प्युटर करायचं ठरवलं. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं, तापलेलं पाणी माझ्यात आणून मंद पंख्याने निववायचं आणि छोट्या टाकीतून पंपाने परत पाठवायचं. तिचा हा पहिलाच प्रयोग. पहिली नळी आखूड कापली गेली. दुसरीचा पट्टा आवळायला बाईसाहेब विसरल्या आणि पायपुसणं भिजलं. कॉम्प्युटरच्या पेटीत मी मावेना, तेव्हा मला पेटीच्या डोक्यावर उभं केलं. गळती तपासायला तिने पंपाला भिंतीतल्या बटणावरून वेगळी वायर दिली आणि एक अख्खा दिवस नुसतं पाणी फिरवलं. ती वायर पुढे तशीच राहिली.

तिचा मित्र सौरभ फोनवर म्हणाला, "अगं, कॉइल अॅल्युमिनियमची, ठोकळा तांब्याचा. एका पाण्यात ठेवलेस तर कॉइल आतून खाल्ली जाईल."

"आठवडाभर चालवते रे. मग नवी मागवीन. बाबांची आहे ही."

काय सांगू मित्रांनो, मला इतका आनंद झाला होता. पंखे गप्प झाले. ओवी म्हणाली, "काय शांत झालंय." एवढ्या वर्षांत मला कुणी चांगलं म्हटलं ते हे पहिल्यांदा.

चौथ्या दिवशी श्यामलाताई दारात थबकल्या. खोलीत निलगिरीचा वास होता. तो माझाच. इतक्या वर्षांचा जाळीत मुरलेला वास गरम होऊन सुटला होता, त्यात भुताटकी काही नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या डाव्या बाजूला ठेवली, गाडीत त्या बसायच्या त्याच बाजूला. बसल्यावर त्यांचा हात खांद्यामागे पट्टा शोधत गेला.

मग घसा खाकरल्याचा आवाज आला. तोही माझाच असणार असं मला वाटलं, कारण नळीत हवेचा बुडबुडा अडकला की तसं होतं. ओवीने पेटी इकडून तिकडून कलती करून सगळी हवा काढली. खाकरणं थांबलं नाही. मित्रांनो, तो आवाज माझा नव्हता.

टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरू लागलं. ओवीने प्रत्येक जोडाला कागद लावून बघितला, सगळे कोरडे. श्यामलाताई मात्र सकाळी आपल्या पिण्याच्या तांब्याच्या लोट्यातलं पाणी टाकीत ओतायच्या.

"आई, त्यात नळाचं पाणी नाही गं चालत."

"त्यांना तहान लागते," त्या म्हणाल्या.

ओवीने टाकीचं झाकण लावून टाकलं. आई इतक्या दिवसांनी शांत बसत होती, मग मला काढायचं कुणी? आठवड्याचे दोन महिने झाले. श्यामलाताईंनी सकाळचं फिरणं सोडलं. मग रात्रीची पोळी सोडली, मग सकाळचीही. "प्रवासात पोट हलकं बरं," त्या म्हणायच्या. रोज साडेअकराला चांगली साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन माझ्यापाशी बसायच्या. ओवीला ते दिसत होतं. उद्या काढते कॉइल, असं ती रोज ठरवत होती. मला भीती वाटत होती. मी आतून झिजत होते, पण ती भीती माझ्यासाठी नव्हती.

एके दिवशी दुपारी बाराला ओवी स्वयंपाकघरात पेज करत होती. खालून दोनदा हॉर्न वाजला.

तो हॉर्न मी लाखांत ओळखीन. दुसरा थोडा घोगरा. गाडीचा पत्रा केव्हाच वितळून गेला होता आणि खाली तिची जागा अजून मोकळीच होती. श्यामलाताई म्हणाल्या, "आले हो." त्यांनी पुढे वाकून दोन्ही हात माझ्यावर ठेवले. हात गार होते. तोच गारठा. त्यांचा श्वास लांबत चालला.

श्रीधरच्या वेळी मी नुसती ऊब देत बसले होते. कुणाला हाक मारणं मला जमलं नव्हतं. या वेळी मी ऊब दिली नाही. झिजलेली एक नळी कशीबशी धरून ठेवली होती, ती सोडून दिली. कोमट पाणी त्यांच्या हातांवर, मांडीवर, पर्सवर आणि खाली पेटीत. जळका वास आला, पडदा काळा झाला. पण पंपाची वायर वेगळी होती ना. कोरडा पडलेला पंप असा किंचाळू लागला की ओवी हातातला चमचा टाकून धावली.

"आई, हात दे. इकडे बघ माझ्याकडे."

तिने आईचे हात चोळले, शेजाऱ्यांना हाक मारली. दवाखान्यात म्हणाले, नाडी फार मंद होती, वेळेवर आणलंत. हे शब्द ओवीने मला पुसताना पुन्हा पुन्हा म्हटले आणि ती खूप रडली.

आता कॉम्प्युटरला तांब्याची नवी कॉइल आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, कोरडी. श्यामलाताईंनी मला टाकू दिलं नाही. मित्रांनो, तुम्ही असं काही बनवलंत तर तांबं आणि अॅल्युमिनियम एका पाण्यात ठेवू नका, टाकीत घरचं पाणी ओतू नका. आणि उद्या काढीन म्हणून एखादी जुनी वस्तू चालू ठेवू नका. घरातलं माणूस तिच्यापाशी रोज बसायला लागलं, तर आधी तिचं बटण बंद करा आणि माणसाला जेवायला बसवा.

अजूनही कधी कधी दुपारी बाराला माझी जाळी आपोआप कोमट होते आणि खालून दोनदा हॉर्न वाजतो. श्यामलाताई ओट्यापाशी असतात.

"आले हो," त्या म्हणतात आणि तव्यावरची पोळी उलटतात. मग ती खाली उतरवून दुसरी लाटायला घेतात.

खाली कुणीतरी घसा खाकरतं. त्यांना वाट बघायची सवय आहे.