आवाज बंद करणारं बटण

मी एक जुना रिमोट आहे. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, तपकिरी आरामखुर्चीच्या डाव्या हातावर माझी जागा आहे. मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्याही घरी असेल, बहुधा सोफ्याच्या फटीत. त्याला बोलता येत नाही, म्हणून मी माझ्यापुरतं सांगतो.

मी नोएडाच्या एका कारखान्यात तयार झालो. माझ्या पोटात एक हिरवी पट्टी आहे, तिच्यावर तांब्याच्या रेषा आहेत आणि वर रबराची बटणं आहेत. बटण पुरतं दाबलं, की त्याच्या तळाचा काळा ठिपका त्या रेषांना टेकतो आणि माझ्या कपाळावरचा बारीकसा दिवा उघडझाप करतो. तो उजेड माणसांच्या डोळ्यांना दिसत नाही, टीव्हीला दिसतो. बटण अर्धवट दाबलं तर मात्र काहीही होत नाही. एवढं लक्षात ठेवा.

या घरात आलो त्याच दिवशी पद्मजाताईंनी मला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि वरून रबरबँड लावला. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांचे यजमान विश्वासराव केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले होते आणि मी त्यांच्याच हातात असायचो.

दिल्लीत मराठी वाहिन्या आपोआप येत नाहीत, त्या वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. विश्वासरावांनी त्या मागून घेतल्या आणि मग रोज संध्याकाळी त्यांना नावं ठेवली.

"पुण्यातलं घर म्हणे हे! एवढा रुंद जिना छतरपूरच्या फार्महाऊसमध्ये असतो."

"अहो, बघू द्या ना."

"बघ की. ही सून सकाळपासून दाराआड उभी आहे. हिच्या घरी कुकर कोण लावतं, ते विचार तिला."

त्यांचं सगळ्यात आवडतं बटण म्हणजे आवाज बंद करण्याचं. विनोदी कार्यक्रमात मागून हशा वाजायला लागला, की ते आवाज बंद करायचे आणि नुसती माणसं बघायचे. हशा काढून घेतल्यावरही हसू आलं तरच विनोद खरा, असं त्यांचं मत होतं. फार कमी विनोद त्या परीक्षेत पास झाले. मालिकेत कुणी रडायला लागलं तरी ते आवाज बंद करायचे आणि त्या बाईचे संवाद स्वतः म्हणायचे, तेही ऑफिसच्या भाषेत. "सदर सूनबाईंचा अर्ज प्राप्त झाला. सासूबाईंच्या टिप्पणीसह तो वरच्या मजल्यावर पाठवण्यात येत आहे." पद्मजाताई हसून हसून चष्मा काढायच्या. ही माझी कामाची वर्षं. कौतुक म्हणाल तर "हा रिमोट पक्का आहे, यार," असं विश्वासराव पाहुण्यांना सांगायचे.

गेल्या थंडीत, बाहेर धुरकट हवा होती त्या दिवसांत, विश्वासरावांना पक्षाघाताचा झटका आला. ते इस्पितळातून परत आले तेव्हा उजवा हात चालत नव्हता आणि बोलणं गेलं होतं. स्पीच थेरपिस्ट बाई हिंदीत म्हणाल्या, "टीवी चलने दीजिए, जो पहले देखते थे वही." म्हणून टीव्ही रोज लागायचा.

त्यांची मुलगी देविका नोएडाला राहते. बाबांना कसला संसर्ग होऊ नये म्हणून तिनं माझ्या जुन्या कव्हरवर आणखी एक कव्हर चढवलं. हे जाड होतं, रोज सॅनिटायझरनं पुसता येईल असं. रबरबँडही नवा, घट्ट लावला. तिनं ते फार मायेनं केलं, हे मला आजही मान्य आहे.

त्यानंतरचे महिने सगळे सारखे होते. पद्मजाताई टीव्ही लावायच्या, वाहिनी लावायच्या आणि मला विश्वासरावांच्या डाव्या हाताखाली ठेवायच्या. मग समोर बघत बसायच्या. हशा वाजला तरी त्या हसायच्या नाहीत. रडारड सुरू झाली तरी त्यांच्या चेहऱ्यात फरक पडायचा नाही. जाहिरातीसुद्धा त्या तशाच बघायच्या. मला वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. सेल उतरत आलेल्या रिमोटसारखं काहीतरी त्या घरात होतं, आणि मी त्यात होतो.

पण मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला माहीत होती. मालिकेत कुणी रडायला लागलं, की विश्वासरावांचा डावा अंगठा हळूहळू सरकत त्या बटणावर यायचा आणि दाबायचा. त्या अंगठ्यात जोर थोडा, आणि वर दोन कव्हरं. रबर अर्ध्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. काळा ठिपका टेकायचा नाही. माझा दिवा लागायचा नाही. टीव्हीतली बाई रडत राहायची. पुढच्या हुंदक्याला ते पुन्हा दाबायचे. रोज. आणि त्यांच्या घरचे म्हणायचे, त्यांना आता काही कळत नाही.

एका रविवारी देविका दुपारीच आली.

"आई, खरं सांग. बाबांना मालिका कळते का? मला वाटतं, त्यांना नुसता उजेड हलताना दिसतो."

पद्मजाताई टीव्हीकडेच बघत राहिल्या.

"मग हे मराठी चॅनल कशाला ठेवायचे? उद्या दुकानवाले येऊन हा टीव्ही नव्याच्या बदल्यात, एक्स्चेंजमध्ये, घेऊन जातील. आणि बाबांची खुर्ची आपण आतल्या खोलीत नेऊ. तिथे शांतपणे पडतील, त्यांचं करायला येणाऱ्या अटेंडंटलाही सोपं जाईल. ठीक आहे ना?"

"तुला बरोबर वाटतं ते कर," पद्मजाताई म्हणाल्या. कुणी मीठ मागितलं असतं तरी त्या याच आवाजात बोलल्या असत्या. विश्वासराव समोर बघत होते. अंगठा माझ्यावर होता, पण दाबत नव्हता.

संध्याकाळी टीव्ही चालू असतानाच देविकानं मला उचललं. जुन्या टीव्हीबरोबर रिमोटही द्यायचा होता, म्हणून तिनं रबरबँड काढला, दोन्ही कव्हरं सोलली आणि मला कोरड्या कापडानं पुसलं. "बघ, आतून अगदी नवा आहे," असं म्हणत तिनं मला सवयीनं परत बाबांच्या हाताखाली ठेवलं.

मालिकेतली सासू रडायला लागली. अंगठा सरकला. या वेळी ठिपका टेकला.

खोली एकदम शांत झाली.

"सेल गेले वाटतं," देविका म्हणाली. तिनं हात लांब करून आवाज परत सुरू केला. सासूनं हुंदका दिला. आवाज पुन्हा बंद झाला.

पद्मजाताई उठल्या. "थांब. हात लावू नकोस." त्यांनी स्वतः आवाज सुरू केला, मला परत त्या हाताखाली ठेवलं आणि शाळेत प्रयोग दाखवताना उभ्या राहत असतील तशा बाजूला उभ्या राहिल्या. या वेळी त्या टीव्हीकडे बघत नव्हत्या. अंगठ्याकडे बघत होत्या.

आवाज बंद झाला.

"अहो," त्या म्हणाल्या. देविकानं हातातलं जाड कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं आणि खाली बसली.

टीव्हीत सासूबाई ओठ हलवत होत्या. पद्मजाताईंनी घसा साफ केला. "सदर सासूबाईंनी... सदर सासूबाईंच्या अश्रूंची... नोंद घेण्यात आली आहे."

अंगठा हलला. आवाज सुरू झाला.

"बघ, यांना माझं काम आवडलं नाही!" पद्मजाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कित्येक महिन्यांनंतर वर गेला होता.

सासूबाई दोन वाक्यं रडल्या. आवाज पुन्हा बंद झाला.

"म्हणजे तिच्यापेक्षा मी बरी?"

विश्वासरावांच्या तोंडाची डावी बाजू थोडी वर गेली. उजवी गेली नाही.

"खुर्ची राहू दे इथेच," पद्मजाताई देविकाला म्हणाल्या. "आणि टीव्हीवाल्यांना फोन कर, उद्या येऊ नका म्हणावं."

मित्रांनो, तेव्हापासून मी उघडाच असतो. माझ्यावरची अक्षरं पुसट होत चालली आहेत, बटणांच्या कडेला धूळ बसते, एकदा आमटीही सांडली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही एखाद्याची काळजी घेत असाल तर जरूर घ्या. फक्त मधूनमधून त्याच्यावर घातलेली आवरणं काढून बघत जा. आत कुणीतरी कधीपासून बटण दाबत असेल.