पट्टीखालचे हात

आमच्या ब्राउझरची नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी निघते. आभाळ कोसळलं तरी निघते! एक निघाली की दुसरी मानगुटीवर बसलेलीच. ती वेळेवर काढणं हे माझं काम.

ताई माझी थोरली बहीण. जन्मापासून बहिरी, शाळा नाही, दूर एकटी राहते. तिच्या खुणा कळणारा मी एकटाच उरलोय. आम्ही बोलतो ते मी दिलेल्या जुनाट संगणकावर, याच ब्राउझरमधून. "नवा संगणक घेऊन येतो," असं कधीचं सांगतोय. कधी? तर रिलीज झाल्यावर, म्हणजे आवृत्ती निघाल्यावर. रिलीजची आमची घरची खूण म्हणजे ओंजळीतून पाखरू सोडायचं.

या खेपेला जुन्या संगणकांचा आधार काढायचा होता, म्हणजे पुढच्या आवृत्त्या त्यांच्यावर चालणार नव्हत्या.

"असे वापरणारे कितीसे?" साहेबांनी विचारलं.

"मूठभर," मी म्हणालो. वर शहाणपणा केला. 'तुमचा संगणक जुना झाला' या सूचनेची पट्टी पडद्याच्या तळाशी चांगली जाडजूड हवी, आणि बंद करायची फुली नको. "लोक न वाचताच फुली मारतात हो!" त्या मूठभरांत ताई आहे, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. गाढव कुठला!

रिलीज झालं. दुपारी काचेच्या खोलीतून ताईला कॉल लावला. ती डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिली.

"हात कुठे गेले तुझे?" तिनं खुणेनं विचारलं.

तिला माझं तोंड दिसत होतं. हात पट्टीखाली. लिहून पाठवावं तर तिला वाचता येत नाही.

मी दार उघडून ओरडलो, "साहेब, ती पट्टी आजच्या आज काढा!"

"पुढच्या रिलीजमध्ये बघू. मध्येच काही घुसवायचं नाही, हा नियम तुझाच ना?"

माझाच. कप्पाळ!

परत येऊन दोन्ही हात डोक्यावर नेले, पकडलेल्या चोरासारखे. काचेपलीकडे ऑफिसातली पोरं हसत होती. हसेनात का! तसेच हात नाचवत सांगितलं, "मी येतोय. नवा संगणक घेऊन."

ताईचा चेहरा उजळला. मग तिनं ओंजळ केली, पाखरू सोडलं आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, रिलीज झाल्यावर?

माझे हात वरच राहिले. तेवढ्यात साहेबांनी काचेवर टकटक केली, पुढच्या आवृत्तीची बैठक होती. ताईला टकटक ऐकू आली नाही, पण माझी मान वळलेली तिला दिसली.

तिनं कॉल बंद केला.