दुसऱ्या लाइनीचा उरलेला तुकडा

ज्या दिवशी सगुणा गेल्याचे उंबरखारला कळले, त्या दिवशी संध्याकाळची गाडी टोल्याशिवाय आली. टोला देणारा माणूस त्याच गाडीत होता. तो सगुणाचा नवरा, धाकू. चार माणसांनी तिला डब्यातून खाली घेतले. धाकू मागून उतरला. माझ्याजवळून गेला, पण त्याने माझ्याकडे पाहिले नाही. हातोडा माझ्या शेजारी खुंटीला तसाच लटकत होता.

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. पुरता रूळही नाही, दोन हात लांबीचा तुकडा आहे. कल्याणहून खाडीच्या बंदराकडे जाणाऱ्या लाइनीवर मधोमध उंबरखार स्टेशन लागते. तिथल्या भेंडीच्या मोठ्या झाडाला मला तारेने टांगले आहे. गाडी यायची झाली की मला वाजवतात आणि माणसे गाठोडी उचलतात. माझे काम एवढेच. पण मी नेहमी असा टांगलेला नव्हतो.

माझा जन्म विलायतेतला. लाल झालेले लोखंड ओढून ओढून त्यांनी मला लांब केले. मग जहाजाने मी मुंबईला आलो आणि मुंबईहून मचव्याने खाडीतून बंदरात. मचव्यात माझ्या अंगावर सुक्या मासळीच्या पाट्या होत्या. तो वास बरेच दिवस गेला नाही. रूळ घालणारे मजूर मला उचलताना नाक मुरडायचे.

तेव्हा या लाइनीवर जायला आणि यायला एकच वाट होती. समोरून गाडी निघाली असली की इकडच्या गाडीने स्टेशनात उभे राहायचे. ती आली की मग ही सुटायची. पुढे मीठ वाढले, गवताच्या गाड्या वाढल्या, माणसेही कल्याणच्या बाजाराला जाऊ लागली. मग कंपनीने दुसरी वाट घातली. एक जायला आणि एक यायला. त्या दुसऱ्या वाटेत मी होतो.

उंबरखार हे आगऱ्यांचे गाव. आगऱ्यांच्या लग्नाला धवलारीण लागते. ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर लग्नाचा एकेक विधी पुढे सरकतो. सगुणा ही गावची धवलारीण. तेव्हा ती वयाने लहान होती, पण तिचा आवाज खाजणाच्या दलदलीपलीकडे जायचा. पहिली गाडी माझ्यावरून जायची होती त्या सकाळी बायका हळद घेऊन आल्या. सगुणाने माझ्या अंगाला हळद लावली आणि नवरीला गातात तसा धवला गायला. इंजिनवाला हसू लागला. म्हातारी सखुबाई जुन्या रुळाकडे बोट दाखवत त्याच्यावर ओरडली, "हसतंस काय? इतके दिस एकटा होता बिचारा. आज जोरी झाली त्याची!"

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षे. मिठाचे डबे गेले, भाताची पोती गेली, वऱ्हाडे गेली. सगुणा आसपासच्या गावांत लग्ने लावायला माझ्यावरूनच जायची. धाकू स्टेशनात सांधेवाला होता. गाडीने कोणत्या वाटेने जायचे ते तो लोखंडी दांडा ओढून ठरवायचा. सगुणाची गाडी निघाली की दांडा सोडून तो हात वर करायचा. ती खिडकीतून म्हणायची, "भात झाकून ठेवलाय. मांजर यायचे आधी खा!" सगळा डबा हसायचा.

मग दूर उत्तरेकडे लढाई लागली. तिकडे घाईने रेल्वे न्यायची होती आणि रूळ कमी पडत होते. लढाई संपली की परत आणून घालू, असे सांगून इथली दुसरी वाट उखडली. मला काढताना माझ्या एका टोकाला चीर दिसली. त्यांनी तेवढे टोक कापून टाकले. माझा चांगला भाग मालगाडीच्या वाघिणीत चढून उत्तरेला गेला. चीर पडलेले टोक म्हणजे मी. मी चरात पडलो. माझ्या पोटाखाली चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, बिळे केली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला.

स्टेशनमास्तर त्र्यंबकराव कल्याणचे. शिकलेले, शांत गृहस्थ. स्टेशनची पितळी घंटा तडकली तेव्हा त्यांनी नवी मागवली. ती काही येईना. एक दिवस धाकूने मला चरातून ओढून काढले, घासले आणि भेंडीला टांगले. पहिला टोला दिला तेव्हा मी स्वतःच दचकलो. मला आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हते.

लढाई संपली. रूळ आले नाहीत.

आता सगुणाचे सांगतो. एका सकाळी तिच्या पोटात शूळ उठला. गावातले उपाय झाले. उतार पडेना, तेव्हा धाकूने तिला कल्याणच्या डॉक्टरकडे न्यायचे ठरवले. दुपारच्या गाडीत तिला फळीवर निजवले. गाडी सुटणार, एवढ्यात तार आली. कल्याणहून मालगाडी निघाली होती. वाट एकच. ती येईपर्यंत ही हलू शकत नव्हती.

मी समोर टांगलेला होतो. गाडी उभी होती आणि ऊन डब्यात शिरत होते. त्र्यंबकराव पुन्हा पुन्हा खिडकीशी येत होते. "सगुणाबाई, कसं वाटतंय? अजून थोडा धीर धरा."

ती म्हणाली, "मी बरी हाय, मास्तर. आमचेपायी तुमी हैरान होऊ नका. त्या गारीला येऊन जाव दे आधी."

मालगाडी वाटेत कुठे तरी अडली होती. ती आली तेव्हा ऊन उतरले होते. ही सुटली. कल्याणच्या अलीकडे, ठाकुर्लीची झाडी दिसायच्या सुमारास, सगुणा गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवी होती.

तेरावा झाल्यावर तो कामावर आला. दांडा ओढायचा, मला वाजवायचा, घरी जायचा. कोणी विचारले, "धाकू, कसा हाय रं?" की म्हणायचा, "बरा हाय." लोकांना तेवढ्याने बरे वाटायचे आणि ते पुढे जायचे. त्याचा टोला मात्र बदलला होता. आधी तो मनगटातून यायचा. आता तो हातोडा नुसता माझ्यावर टाकायचा.

मित्रांनो, खाडीकाठी एक रीत आहे. उधाणाच्या भरतीला मिठागराचा बांध फुटला, तर ज्याला दिसेल त्याने हाताशी येईल ते बडवत सुटायचे. तो आवाज कानी पडला की घरातल्या प्रत्येकाने पाटी-फावडे घेऊन धावायचे. बांध कोणाचा, हे विचारायचे नाही.

एके दिवशी एक गाडी अशीच ताटकळत उभी होती. डब्यात एक मूल तापाने फणफणले होते. त्याची आई त्याला वारा घालत होती. धाकू बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने हातोडा उचलला आणि मला बडवायला लागला. थांबेचना. माझी जुनी चीर ठणकली.

सगळा गाव धावत आला. पुढे काळुराम होता, मिठागराचा मालक आणि गावाचा पुढारी. "कुठं फुटला? कनचा बांध?"

धाकूने उखडलेल्या वाटेकडे हात केला. तिथे नुसती खडी होती आणि बाभळीची रोपे. "यो फुटलाय. चार वरसं झाली, कोन धावला नाय."

"येडा झालास काय रं?" काळुराम चिडला. "मानसं जेवनावरून उठून आली!"

सखुबाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "उठली तर उठली. तुजा जेवन पलून चाललाय काय? त्याला बोलू दे."

"दुसरी वाट असती त सगुना पोचली असती," एवढेच धाकू म्हणाला. त्यानंतर कोणी त्याला वेडा म्हटले नाही.

त्र्यंबकरावांनी त्याला खोलीत बोलावून दरडावले. "स्टेशनाची घंटा आहे ती, धाकू! पुन्हा असं केलंस तर तुझी नोकरी मी वाचवू शकणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कंपनीकडे अर्ज करा. मी चाकर माणूस, मला लिहिता येणार नाही. पण कल्याणात वकील आहेत."

अर्ज गेला. गावाने अंगठे उठवले. पुढे विठ्ठलवाडीकडच्या आणि बंदरावरच्या लोकांनीही आपापले अर्ज धाडले. कंपनीचे उत्तर आले: मोठे साहेब स्वतः येऊन पाहतील, इथे दुसऱ्या वाटेइतकी वाहतूक खरोखर आहे का.

गाव हरखून गेले. आणि इथेच गावाची चूक झाली.

गावदेवीची पालखी निघाली की उंबरखार वाट मोकळी करते. बैलगाड्या कुंपणात जातात, वाळत घातलेली जाळी आत घेतात, रस्ता झाडून सडा घालतात. पालखीला आडवे जायचे नाही, हा मान. आता एवढे मोठे साहेब येणार! काळुरामने मिठाचे डबे बंदरावरच रोखले. गवतवाल्यांनी गाड्या घरी ठेवल्या. त्या दिवशी कोणी कल्याणला जायचे नाही असे ठरले. साहेबांच्या गाडीला आपल्यामुळे खोळंबा नको. बायकांनी फलाट सारवला. मला तेल लावून झेंडूची माळ घातली. धाकूने सांधे पुसून लख्ख केले.

साहेब आले. स्टेशन आरशासारखे होते. एक गाडी उभी नाही, एक पोते पडलेले नाही. माणसे झाडाखाली हात जोडून रांगेने उभी. साहेब खुशीत हिंडले. त्यांनी विचारले आणि त्र्यंबकरावांनी मराठीत सांगितले, "साहेब विचारतात, इथे गाड्यांना थांबावं लागतं का? तुम्हाला त्रास होतो का?"

काळुराम कमरेत वाकला. "तुमचे किरपेनं सगला झ्याक हाय, सायेब."

त्र्यंबकरावांनी ते साहेबांना इंग्रजीत सांगितले. त्यांनी धाकूकडे पाहिले. साहेबांनीही पाहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, "तू कसा आहे?"

मी पाहत होतो. धाकूचे ओठ हलले. इतके दिवस जे तोंडात बसले होते तेच बाहेर आले. "बरा हाय, सायेब."

साहेब हसले आणि गाडीत चढले. जाताना काय म्हणाले ते त्र्यंबकरावांनी गाडी गेल्यावर सांगितले. "म्हणाले, इतकं नीटनेटकं स्टेशन त्यांनी पाहिलं नाही. इथे एक वाट पुष्कळ आहे."

तेवढ्यात बंदरावर रोखलेले मिठाचे डबे सुटले आणि एकामागून एक येऊन उंबरखारला तुंबले. कल्याणहून येणारी उतारूंची गाडी वाटेतच अडकली. सगळीकडे आरडाओरडा. सखुबाई सारवलेल्या फलाटावर बसली आणि म्हणाली, "बोलवा आता त्या सायबाला. आरती करतंव त्याची!" हसावे की रडावे ते कोणाला कळेना.

धाकू माझ्यापाशी आला. त्याने माझ्या गळ्यातली माळ काढली आणि भेंडीच्या बुंध्याशी खाली बसला. काळुराम त्याच्या शेजारी टेकला. "चुकला रं माजा, धाकू. पावन्यासमोर रडगाना कसा गावा, असा वाटला."

"मी तरी काय बोललो?" धाकू म्हणाला. "ती बी असाच बोलली होती मास्तरला. बरी हाय म्हनून." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तो सगळ्यांसमोर रडला. कोणी त्याला गप्प केले नाही. सखुबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती सगुणाचा एक धवला हळू आवाजात म्हणू लागली. तिला तो नीट येत नव्हता. मधले शब्द ती विसरली, तेव्हा ते धाकूने सांगितले.

त्या दिवसापासून उंबरखारने एक नवी रीत धरली. गाडी इथे उभी राहिली की धाकू प्रत्येक डब्यापुढे जातो आणि सांगतो, "समोरून गारी येतेय, वाट एकच हाय, म्हनून थांबलाव. आधी दोन होत्या." मग ते लोक कल्याणला जाऊन सांगतात, ठाण्याला जाऊन सांगतात. आता कोणी त्याला कसा आहेस म्हणून विचारले, तर तो म्हणतो, "घर रिकामा वाटतं." माणसे थोडी थांबतात. कोणी तंबाखू देते. कोणी नुसते बसते.

मित्रांनो, मला हातपाय नाहीत, अर्ज करता येत नाही. मी फक्त वाजू शकतो. पण एक विनंती करतो. तुमचे दुखणे विचारायला कोणी आले, तर त्याच्यापुढे अंगण झाडून उभे राहू नका. जसे आहे तसे दाखवा. आणि तुम्ही कोणाला विचारले आणि तो "बरा आहे" म्हणाला, तर लगेच पुढे जाऊ नका.

दर वर्षी पाऊस सरला की धाकू कोयता घेऊन उखडलेल्या वाटेवर उतरतो आणि बाभळी तोडतो. आधी एकटाच जायचा. आता काळुराम येतो, बायका येतात. रूळ आले तर जागा तयार हवी. दुसरा अर्ज गेला आहे. साहेब माघात पुन्हा येणार असे त्र्यंबकराव म्हणतात. त्या दिवशी मिठाचे डबे रोखायचे नाहीत आणि फलाट सारवायचा नाही, असे गावाने ठरवले आहे.

खडी जागेवर आहे. चर उपसलेला आहे. दुसरी वाट अजून घातलेली नाही.